बारामती-इंदापुरातले उत्तरायण

हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरला येतो. बारामती आणि इंदापूर हे तालुके साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आहेत, त्यामुळे त्या दिवशीही इथे सुमारे ११ तास ऊन असते. कदाचित म्हणूनच इथल्या सणवारांत या दिवसाला वेगळे स्थान नाही. उत्तरायणाचा मान संक्रांतीकडे जातो. पृथ्वीचा अक्ष सावकाश डोलत असल्याने, साधारण १७०० वर्षांपूर्वी एकाच सुमारास येणाऱ्या या दोन घटनांत आता तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडले आहे. राष्ट्रीय दिनदर्शिकेने १९५७ मध्ये पौषाची पहिली तारीख २२ डिसेंबरला ठेवली, पण ते शहाणपण सरकारी कागदापुरतेच राहिले.

हा दिवस पाळायला पूजेचे साहित्य लागत नाही. प्रस्तुत लेखक तो शेताच्या बांधावर, एक मीटरची काठी ओळंब्यात उभी रोवून पाळतो. बारामतीत मध्यान्ह घड्याळातल्या बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमारास होते. त्या वेळी सावली नेमकी उत्तरेला, सुमारे ८९ सेंटिमीटर पडते. तिच्या टोकाशी खुंटी ठोकायची, एवढाच विधी. संक्रांतीला तीच सावली सहा-सात सेंटिमीटरने आखडलेली असते. सूर्योदय मात्र तोवर आणखी सात-आठ मिनिटांनी लांबतो, त्यामुळे दिवस वाढल्याचे पहाटे उठणाऱ्याला पटत नाही. वाढ संध्याकाळी मिळते. जूनच्या मोठ्या दिवशी तर सावली काठीच्या दक्षिणेला जाते, जेमतेम नऊ सेंटिमीटर.

संध्याकाळ हुरड्याची. नीरा डाव्या कालव्याखाली उसाचे राज्य असले, तरी मोरगाव-सुप्याच्या जिरायती पट्ट्यात रब्बीची ज्वारी याच सुमारास हुरड्यात येऊ लागते. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवतात. निखाऱ्यांवर राख धरली की कणसे आत खुपसतात. भाजलेले कणीस हातात धरवत नाही, तरी ते गरम असतानाच तळव्यांत चोळावे लागते. गार झाले की दाणा सुटत नाही. कोंडा फुंकून उडवला की हिरवट, दुधाळ दाणे उरतात. सोबत शेंगदाण्याची किंवा लसणाची चटणी, गूळ, दही. पार्ट्यांच्या जाहिरातींनी हुरड्याची सहल केली आहे. आगटीपाशी बसून स्वतः कणीस चोळल्याशिवाय त्यात राम नाही.

इंदापूरच्या बाजूला ऋतू पाण्यावर दिसतो. उजनीच्या फुगवट्यावर भिगवण, कुंभारगाव, डिकसळ इथे रोहित आणि चक्रवाक उतरतात. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंबही त्यांत असतात. पहाटे धुके विरेपर्यंत नावेत गप्प बसणे हाही एक विधीच.

भोगी आणि संक्रांत यांत हीच निसर्गाची उजळणी घरात येते. भोगीच्या मिसळीच्या भाजीत हरभऱ्याचे सोलाणे, पावटा, वांगी, गाजर आणि तिळकूट, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. संक्रांतीच्या सुगडांत उसाचे करवे, बोरे, गव्हाच्या ओंब्या, हरभऱ्याचे घाटे असतात. म्हणजे त्या आठवड्यात शिवारात जे उभे असते तेच. वाणात मात्र प्लॅस्टिकच्या डब्या शिरल्या आहेत, त्या टाळलेल्या बऱ्या. बीडकडून आलेल्या ऊसतोड कुटुंबांना हा सण फडावरच गाठतो. गाळप हंगाम ऐन भरात असल्याने सुगडे कोपीतच पुजली जातात आणि कोयता पुन्हा हातात येतो.