पुसलेली कॅसेट

परवा माळा साफ करताना जुन्या कॅसेटींचा खोका सापडला. टू-इन-वन केव्हाच भंगारात गेला, पण कॅसेटी टाकवत नाहीत. त्यातल्या एकीवर आमच्या आबाकाकांच्या वळणदार अक्षरात ‘सौभद्र, जत्रा’ असे लिहिलेले आहे. त्यावर बॉलपेनची काट, आणि खाली माझ्या अक्षरात ‘जॉन पील’. या कॅसेटीविषयी कधीतरी लिहायचेच होते. आज लिहितो.

इंग्रजी गाणी गोव्यात काही परकी नव्हेत. शेजारच्या प्रत्येक लग्नात बँडवाले बोनी एम वाजवीतच असत. पण ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एका रात्री शॉर्टवेव्हवर बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस लावली, तर एक माणूस अगदी संथ, जवळजवळ कंटाळलेल्या आवाजात बोलत होता आणि मध्येमध्ये भलतीच गाणी लावीत होता. हा जॉन पील. गायक बेसूर, गिटार खरखरीत, त्यात शॉर्टवेव्हची सुरसुर. काका पडवीतून ओरडले, “हें कितें आयकता रे तूं?” काय ऐकतोय ते मलाही ठाऊक नव्हते. पण पुढच्या खेपेस मी कान लावून बसलो होतो.

त्या संगीताला ‘इंडी’ म्हणतात हे नंतर कळले. आपल्याकडच्या ‘इंडिपॉप’शी त्याचा काही संबंध नाही. इंडी म्हणजे इंडिपेन्डन्ट, मोठ्या कंपनीच्या दारात न जाता स्वतःच्या हिमतीवर काढलेली रेकॉर्ड. मँचेस्टरच्या बझकॉक्स या पोरांनी १९७७ च्या जानेवारीत ५०० पौंड उसने घेऊन चार गाण्यांची ‘स्पायरल स्क्रॅच’ काढली. पहिल्या १,००० प्रती. कुठले गाणे कितव्या प्रयत्नात जमले तेही त्यांनी वेष्टनावर छापले. म्हणजे लपवाछपवी नाही, आणि ‘तुम्हीही हे करू शकता’ असे ऐकणाऱ्याला सांगणेही झाले. पुढे इंडी ही नुसती एक ‘स्टाइल’ झाली. ‘क्रिएशन’सारख्या स्वतंत्र कंपनीने १९९२ साली निम्म्याच्या आसपास हिस्सा सोनीला विकला, आणि नंतर त्याच कंपनीकडून ओअ‍ॅसिस आले. ओअ‍ॅसिसची गाणी मलाही पाठ आहेत. पण त्यांना इंडी म्हणायला जीभ रेटत नाही.

आता दुसरे वेड. स्विंडनला स्थायिक झालेला माझा एक शाळामित्र सुट्टीवर येताना ‘डॉक्टर हू’च्या जुन्या भागांच्या डीव्हीडी घेऊन आला. काळ आणि अवकाश यांतून भटकणारा एक परग्रहवासी, आणि त्याचे यान म्हणजे लंडनच्या रस्त्यावरचे निळे पोलीस खोके! मालिका सुरू झाली २३ नोव्हेंबर १९६३ ला, केनेडींच्या खुनाच्या दुसऱ्याच दिवशी. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट, वय २७. पहिल्या कथेचा दिग्दर्शक आपल्या लखनौला जन्मलेला वारिस हुसैन, वय २४. पैशांची चणचण, भिंती पुठ्ठ्याच्या. विश्वाचा थरकाप उडवणाऱ्या डॅलेकला हाताच्या जागी मोरी साफ करायचा रबरी दट्ट्या! मित्र हसत होता. मला हसू आले नाही. जत्रेच्या नाटकात रंगवलेल्या पडद्याला द्वारका मानून आम्ही मोठे झालो. पडदा हलला म्हणून द्वारका कधी हलली नाही.

तीच गोष्ट नट बदलण्याची. १९६६ साली प्रकृतीमुळे विल्यम हार्टनेलला भूमिका सोडावी लागली, तेव्हा डॉक्टर मरता मरता नवे शरीर घेतो अशी युक्ती काढली आणि पॅट्रिक ट्राउटन उभा राहिला. आमच्या गावात आबाकाकांनी वीसेक वर्षे नारद केला. त्यांच्या आधी दुसरे कोणी, नंतर तिसरे कोणी. ‘पूर्वीचा नारद खरा’ ही कुरकुर दर वेळी व्हायची, तशीच तिथेही होते. माझी कुरकुर वेगळी आहे. २००५ साली मालिका पुन्हा सुरू झाली, तो एकलकोंडा क्रिस्टोफर एक्लस्टन मला फार आवडला. पण पार्श्वसंगीत इतके भरले की रडायचे कुठे हेही वाद्यवृंदच सांगू लागला.

शीर्षकसंगीताचे म्हणाल तर १९६३ चे ते एकच. चाल रॉन ग्रेनरची, पण ते घडवले बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमधल्या डेलिया डर्बीशायर या गणित शिकलेल्या बाईंनी. सिंथेसायझर बाजारात मिळत नव्हता. एका तारेचा टणत्कार आणि ऑसिलेटरचे सूर टेपवर घ्यायचे, वेग कमीजास्त करून वरखाली करायचे, मग टेप ब्लेडने कापून तुकडा तुकडा जोडायचा. श्रेयात आपल्याबरोबर त्यांचेही नाव यावे असे ग्रेनरला वाटत होते, पण बीबीसीच्या नियमात ते बसले नाही. डेलिया २००१ साली गेल्या. त्यांचे नाव पडद्यावर आले ते २०१३ साली. माझ्या मते इंग्लंडातल्या इंडी संगीताची खरी आजी हीच, सरकारी पगारावर असली तरी. बर्मिंगहॅमच्या ‘ब्रॉडकास्ट’ची गाणी ऐका, म्हणजे पटेल.

आणि आता कॅसेट.

‘डॉक्टर हू’चे साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग हरवले आहेत. हरवले म्हणजे पुसले. व्हिडिओ टेप महाग होती, हे पुन्हा कोण बघणार असे बीबीसीला वाटले, आणि टेप दुसऱ्या कार्यक्रमांसाठी वापरल्या. परदेशी पाठवलेल्या फिल्मच्या प्रतींतून काही भाग परत मिळाले. नऊ भाग तर नायजेरियातल्या जोस शहरात सापडले, ते २०१३ साली जाहीर झाले. हे सारे वाचताना मी त्या अडाणी साहेबांना मनसोक्त शिव्या दिल्या. मग हात थांबला.

कारण मीही तेच केले होते. पील सुरू झाला, कोरी कॅसेट नव्हती. हाताला ही लागली. पुसली जाऊ नये म्हणून काकांनी तिच्या मागची खाच मोडून ठेवली होती. मी त्या भोकात कागदाचा बोळा कोंबला, वर चिकटपट्टी लावली आणि बटण दाबले. काकांचा नारद पुसला गेला, तिथे ‘द फॉल’ आले.

१९९७ साली काकांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. एके दिवशी काकू म्हणाल्या, “अरे, ती जत्रेची कॅसेट तुझ्याकडे असेल ना? लावू या. त्यांना बरे वाटेल.” मी म्हटले, “सापडत नाही काकू, शोधतो.” पुढच्या पावसाळ्यात काका गेले. मी शोधतोच आहे असे काकू अजून समजतात.

एक गोष्ट मात्र धीर देते. ‘डॉक्टर हू’च्या हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज शिल्लक आहे. त्या काळी काही पोरे टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून बसत. त्या कुणा वेड्यांनी ते जपले. आमच्या जत्रेतही रंगमंचापुढे तीन-चार टेपरेकॉर्डर मांडलेले असत, मला चांगले आठवते. फोंड्याच्या आसपास कुणाच्या माळ्यावर १९८६ च्या जत्रेचे ‘सौभद्र’ असेल, तर कृपया कळवा. आवाज खराब असला तरी चालेल. खरखर ऐकायची मला सवय आहे.

काकूंकडे मात्र येत्या रविवारी जाणार आहे. कॅसेट बरोबर नेईन आणि काय झाले ते सांगेन.