शेंगेन गावचा चौतीस दिवसांचा हिशेब

लक्झेंबर्ग या चिमुकल्या देशाच्या आग्नेय कोपऱ्यात, मोझेल नदीच्या काठी, द्राक्षमळ्यांच्या उतारावर शेंगेन नावाचे खेडे आहे. युरोपला जाऊन आलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या पासपोर्टातील व्हिसावर या खेड्याचे नाव आहे. खेडे मात्र फार थोड्यांनी पाहिले असेल. १४ जून १९८५ रोजी ‘प्रिन्सेस मारी-आस्त्रिद’ या जहाजावर बेल्जियम, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, लक्झेंबर्ग व नेदरलँड्स या पाच देशांनी आपसांतील सीमांवरची तपासणी हळूहळू उठवण्याचा करार येथेच केला. मार्च १९९५ मध्ये तो प्रत्यक्षात उतरला. या नदीची आणखी एक मौज आहे. १८१६ च्या तहानुसार येथील पात्र मधोमध वाटलेले नसून सबंध पाणी दोन्ही काठांचे आहे, आपल्याकडच्या सामाईक विहिरीसारखे.

पूल ओलांडला की जर्मनीतील पेर्ल. जरा दक्षिणेस गेले की फ्रान्स. पुलाच्या लक्झेंबर्गकडील टोकाला पेट्रोल पंपांची रांगच आहे. तेथे इंधन व तंबाखू यांवरील कर कमी, म्हणून शेजारच्या दोन्ही देशांच्या मोटारी तेथे येऊन टाक्या भरतात. सीमा उठली तरी भावातला फरक उठत नाही, हे व्यापारी घरातील वाचकांस सांगावयास नको.

गेल्या वर्षी आम्ही उभयतां पेर्ल येथे पुतण्याकडे सहा आठवडे राहिलो. तो व सूनबाई दोघेही लक्झेंबर्ग शहरात नोकरीला. तो संगणक प्रणालीच्या कामात, ती हिशेबतपासनीस संस्थेत. शहरातील घरभाडे परवडेना म्हणून बिऱ्हाड जर्मनीत. दोघांनी जर्मन नागरिकत्व घेतले असल्यामुळे कामाच्या परवान्याचा प्रश्न नाही. लक्झेंबर्गमधील जवळजवळ निम्मे नोकरदार असेच रोज जर्मनी, फ्रान्स किंवा बेल्जियममधून येतात.

कोरोनानंतर दोघांच्याही कचेऱ्यांनी घरून कामाची मुभा ठेवली. पण येथे टेबल जर्मनीत आणि पगार लक्झेंबर्गचा. मग त्या दिवसाच्या पगारावर कर कोणी घ्यावा? दोन्ही सरकारांनी ठरवले आहे की, वर्षातून चौतीस दिवसांपर्यंत लक्झेंबर्गबाहेर काम केले तरी कर लक्झेंबर्गलाच. पस्तिसावा दिवस उजाडला की केवळ त्या एका दिवसाचा नव्हे, पहिल्यापासूनच्या सर्व दिवसांचा पगार जर्मनीच्या कराखाली जातो. तीस मिनिटांहून कमी काम केलेला दिवस मोजत नाहीत. सामाजिक विम्याचा हिशेब पुन्हा निराळा. तेथे पूर्वी घरच्या देशात पंचवीस टक्के काम होताच विमा त्या देशाकडे जाई. १ जुलै २०२३ पासून या देशांच्या करारानुसार, अर्ज करून दाखला घेतल्यास, पन्नास टक्क्यांच्या आतपर्यंत सवलत आहे. म्हणजे विम्याच्या दृष्टीने आठवड्यातून दोन दिवस घरी बसता येते, कराच्या दृष्टीने नाही. बँकेत मी छत्तीस वर्षे व्याजाचे दिवस मोजले, परंतु दिवसांचे असे दुपेडी खाते पाहिले नव्हते.

त्यांच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर एक कागद चिकटवलेला आहे. निळ्या रेघा त्याच्या, लाल तिच्या. हे जॉइंट अकाउंट नव्हे. एकाचे उरलेले दिवस दुसऱ्यास देता येत नाहीत, पुढील वर्षी ओढताही येत नाहीत. मुलगी तापाने फणफणली की सकाळी सात वाजता चर्चा होई ती औषधाची नव्हे, आज निळी रेघ की लाल याची. मला प्रथम हे फार कोरडे वाटले. चार-पाच वेळा पाहिल्यावर ध्यानात आले की त्या दोघांत घरकामाची इतकी स्वच्छ वाटणी दुसऱ्या कशानेच झाली नसती.

सप्टेंबरअखेर त्याच्या सतरा रेघा झाल्या होत्या. नोव्हेंबरात वहिनींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया सांगलीस ठरली. लक्झेंबर्गच्या कायद्याने वर्षाला किमान सव्वीस दिवसांची भरपगारी रजा मिळते, त्यांपैकी आठ दिवस उरले होते. आईजवळ चार आठवडे राहायचे म्हणजे कामाचे वीस दिवस. भारतात बसून केलेले कामही लक्झेंबर्गबाहेरचेच, त्याच चौतिसांत मोजले जाणारे. आठ रजा, बारा रेघा, शिल्लक पाच. ‘काका, डिसेंबरात मुलीला ताप यायला नको, एवढेच,’ तो म्हणाला. कचेरीची लेखी परवानगी आली, तीही ग्राहकांची माहिती युरोपबाहेर उघडायची नाही या अटीवर.

तो आला. आमच्या दुपारी दीड वाजता त्याची कचेरी उघडे, रात्री दहापर्यंत चाले. सकाळी आईचे व्यायाम, ड्रेसिंग, डॉक्टर. तिकडे सूनबाई एकटी. तिच्या लाल रेघा त्या महिन्यात एकवीसवरून तिसावर गेल्या. व्हिडिओवर वहिनींनी तिला विचारले, ‘तुझे किती उरले गं?’ ती म्हणाली, ‘चार, आई.’ त्यावर वहिनींनी मुलास दोन दिवस आधी परत पाठवण्याचा आग्रह धरला. तो ऐकला नाही. तिकीट बदलायला पैसे पडले असते, हेही एक कारण होते.

जाता जाता एवढे सांगतो की, सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सर्व भूसीमांवर तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली आहे. लक्झेंबर्गने त्यास विरोध केला. पुतण्या सांगतो, महामार्गावर कधी रांग लागते, कधी नाही. खोळंबला तर तो मोटारीत लॅपटॉप उघडत नाही. जर्मन हद्दीत अर्धा तास झाला तर एक रेघ जायची.