कृष्णेच्या काठाकाठानं

वाईहून सांगलीला भाड्याच्या गाडीनं निघालात, तर ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा, महामार्ग नको. "मग सगळा दिवस जाईल की ओ," असं तो म्हणेल. जाऊ दे. महामार्गावरून कृष्णा दिसते ती पुलाच्या कठड्यापलीकडे, क्षणभर. तिनं पिकवलेलं शिवार बघायचं तर तिच्याच वळणांनी जायला हवं.

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याच्या पायथ्याशी घाट. तिथल्या देवळातली थोरली घंटा वसईच्या पोर्तुगीज चर्चमधली, चिमाजीअप्पांच्या 1739च्या विजयानंतर आलेली. समुद्राकाठची घंटा नदीकाठी रुळली. माहुलीला वेण्णा मिळते, आणि नदी अंगानं भरू लागते.

कराडला कोयना समोरून येते. दोघी तोंडासमोर भेटतात आणि एकत्र पूर्वेला वळतात. या प्रीतिसंगमावरच यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. इथून पुढं काळी माती सुरू होते आणि ऊस रस्त्याला खेटून उभा राहतो. काचा खाली घ्या. गुऱ्हाळाचा वास गाडीत शिरतो. चुलवणात चिपाडं ढकलणारा माणूस, काईलीत उसळणारा रस, वरची मळी काढणारा गुळव्या. या कामाला घाई चालत नाही.

ताकारी ओलांडली की किर्लोस्करवाडी. औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर 1910 साली किर्लोस्करांचा कारखाना उभा राहिला आणि लोखंडी नांगर इथून शिवारात गेला. शेजारच्या कुंडलच्या मुलखात पुढं 1943 पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. ते चालवणारी माणसं याच रानांतली, हे मला फार मोलाचं वाटतं.

सांगलीत 1929च्या आयर्विन पुलाजवळ गाडी थांबवा. पावसाळ्यात सगळं शहर इथल्या पाण्याच्या फुटांचा हिशेब ठेवतं. 45 फूट म्हणजे धोका. 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. पिकवणारी नदी ती हीच.

आणि मग हरिपूर. वारणा कृष्णेला मिळते ते संगमेश्वराचं गाव. इथल्या घट्ट मातीत पेवं खणली होती. तोंड अरुंद, पोट ऐसपैस, रांजण जमिनीत पुरावा तसं. तळाला आणि भिंतींना पाला-कडबा लावून हळद भरायची आणि तोंड मातीनं बंद करायचं. वर्षानुवर्षं तिला कीड लागत नसे, रंग उतरत नसे. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. कोंडलेली हवा माणसाचा जीव घेई. बाजारात भाव येईपर्यंत दम धरायची ही व्यवस्था शेतकऱ्यानं आणि व्यापाऱ्यानं मातीच्याच भरवशावर उभी केली होती. 2005च्या महापुरानं पेवांत पाणी शिरलं, हळद गेली. पुढं साठवण गोदामांकडं आणि शीतगृहांकडं सरकली.

या सगळ्या वाटेत काही रानं पांढुरकी दिसतील. अति पाण्यानं क्षारपड झालेली ती जमीन आहे. तिथंही थांबा, नुसता हिरवा ऊस बघून पुढं जाऊ नका.

दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटतात. तेव्हा या, आणि हरिपुरात एखाद्या जाणत्या माणसाला पेवांची जागा विचारा. आतून पेव पाहिलेली माणसं आता थकत चालली आहेत. त्यांच्याकडून ऐकून घ्यायचं ते लवकर ऐकून घ्या.