बीजींचा कचनार

आपट्याचं झाड मला कळलं ते एका पंजाबी शेजारणीमुळे, आणि तेही चंदीगडमध्ये.

सेक्टर 43 मध्ये आम्ही राहायला गेलो, तेव्हा आसपास आपटा कुठे दिसेना. कांचन, म्हणजे तिथला कचनार, मात्र भरपूर. महिंदरसिंग रंधावा या वनस्पतिशास्त्रज्ञ सनदी अधिकाऱ्यानं या शहरासाठी फुलणारे वृक्ष मोठ्या जाणतेपणानं निवडले, त्यांतला हा एक. दसऱ्याला शेजारच्या बीजींच्या दारातल्या कांचनाची पानं मागायला गेले. कौत्स, त्याची चौदा कोटींची गुरुदक्षिणा, रघुराजा, सोन्याची पानं असं सगळं त्यांनी मन लावून ऐकून घेतलं. मग विचारलं, "पुत्तर, तुम्हारे पेड़ का फूल कैसा होता है?"

आपट्याची पानं जन्मभर लुटलेली, पण फूल कधी निरखलं नव्हतं.

पुढच्या चैत्रात माहेरी गेले ती नगरजवळच्या माळावर आपटा शोधतच. लांब तुऱ्यांवर बारीक, फिकट पिवळसर फुलं होती. एक फूल उलगडून पुंकेसर मोजले, तर दहा. बीजींच्या कचनारात पाच. तो फाल्गुनात जवळजवळ निष्पर्ण होऊन गुलाबी-जांभळा फुलतो, त्याची फुलं तळहातभर. दोघांचं पान दुभंगलेलंच, पण आपट्याचं लहान, जाड आणि लांबीपेक्षा रुंद. कांचनाची शेंग वाळली की तडकते, पिळवटते आणि बिया दूर उडवते. आपट्याची शेंग न उकलता कितीतरी महिने झाडावरच लटकते. तरी दोघं एकाच कुळातली. याच दुभंगलेल्या पानांवरून लिनियसला बोअँ नावाचे दोन वनस्पतिज्ञ भाऊ आठवले होते, आणि 'बौहिनिया' हे प्रजातीचं नाव त्या भावांचंच आहे. मला ही गोष्ट फार आवडते.

मी नेलेल्या शेंगा बीजींनी वरवंट्यानं फोडल्या, एकेक बी चष्म्याजवळ धरून पाहिली आणि कुंडीत पेरली. मला त्यांनी कचनारच्या कळ्यांची भाजी शिकवली. कळी घट्ट मिटलेली हवी, पाकळीचा रंग दिसायच्या आत खुडायची. उकडून पाणी टाकून द्यायचं, म्हणजे तुरटपणा जातो. मग कांदा, आलं आणि शेवटी घुसळलेलं दही. परक्या गावात पहिल्या वर्षी मला घर मिळालं ते त्या कढईपाशी.

बीजी आता नाहीत. आम्हीही पुण्याला परतलो. सोसायटीच्या कुंपणालगत कांचन आहे. फाल्गुनात मी कळ्या खुडायला लागले की शेजारच्या मुली विचारतात, "काकू, हे खातात?" त्यांना मी आधी जेवायला बसवते आणि बीजींचं नाव सांगते. दसऱ्याला कुणी कांचनाचं पान पुढे केलं तर तेही कपाळाला लावून घेते. मग त्यांना आपट्याची फुलं बघायला चैत्रात माळावर घेऊन जाते.