तपासणीच्या टेबलापाशी

विश्रामबाग, सांगली

चि. सई,

तुझं पत्र परवा मिळालं. जावळीतल्या डोंगराकडेच्या आरोग्य केंद्रावर तू रमलीस हे वाचून बरं वाटलं. तू लिहिलंयस, तिशीपुढच्या बायकांची कर्करोगाची तपासणी ठेवली की आशाताई घरोघर सांगून येतात, बायका येतातही, रक्तदाब आणि साखर बघून घेतात. पण टेबलावर झोपायला सांगितलं की पदर सावरत निघून जातात. "हा अडाणीपणा कसा घालवायचा, मावशी?" असं तू विचारतेस.

सई, तुझं निदान चुकलंय. लाज म्हणजे अडाणीपणा नव्हे. माझी नोकरीची बरीच वर्षं सर्जरीच्या ओपीडीत गेली. हजारो लोकांपुढे लंगोटावर आखाड्यात उतरणारे आपल्या भागातले पैलवान हर्निया दाखवायला यायचे आणि पायजम्याची नाडी सोडताना त्यांची बोटं अडखळायची. आखाड्यात माणूस आपल्या मर्जीने आणि आपल्या बळावर उघडा असतो. टेबलावर तो आडवा असतो आणि आपण उभे असतो. त्याला फक्त छत दिसतं, आपल्याला त्याचं सगळं दिसतं. कपडे उतरवण्याइतकंच हे खाली-वर होणंही सलतं, शिकलेल्यालाही सलतं. कितीतरी म्हातारे "पोटात दुखतंय" एवढंच सांगायचे आणि खरं दुखणं धोतरात लपवून परत जायचे.

परीक्षेसाठी वाचलेला तो उस्मानाबादचा अभ्यास आठव. बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय यांनी १९९९ मध्ये तो सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये छापून आलं आणि जगभर गाजलं. तुम्ही मुलं तेवढंच लक्षात ठेवता. मला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. ज्यांना तपासणीचं बोलावणं गेलं, त्यांतल्या दहापैकी जवळजवळ आठ जणी आल्या. दुष्काळी जिल्हा, बहुतेक निरक्षर बायका. त्या काय तुझ्या जावळीतल्या बायकांपेक्षा कमी लाजत होत्या? बार्शीच्या मंडळींनी १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालवली होती. त्यांची माणसं खेड्यांत जाऊन अंगावरून जाण्याबद्दल, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसण्याबद्दल बायकांशी बोलत. त्या बोलण्यामुळे रोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागला. आधी ओळख, आधी बोलणं, टेबल त्याच्यानंतर.

आता तुझ्या खोलीकडे वळू. आधी टेबल कसं ठेवलंय ते बघ. बऱ्याच ठिकाणी पायांकडची बाजू दाराकडे असते. शिपाई केसपेपर घेऊन डोकावला की त्याला काय दिसेल, याचा विचार टेबल ठेवणाऱ्याने केलेला नसतो. झोपलेली बाई मात्र दुसरा कसलाच विचार करत नसते. टेबल फिरव, डोकं दाराकडे येऊ दे. याला एक पैसा लागत नाही. नऊवारीचा काष्टा सोडायला वेळ लागतो. तो तुझ्यादेखत सोडायला लावू नकोस, पडद्याआड तिला एकटीला राहू दे आणि विचारल्याशिवाय आत जाऊ नकोस. कमरेवर चादर हवीच. स्तन तपासताना एक बाजू झाली की झाकायची, मगच दुसरी. स्पेक्युलम कोमट पाण्यातून काढ. हात लावण्याआधी दर वेळी सांग, "आता मांडीला हात लावतेय." गर्भाशयमुखाला अ‍ॅसेटिक आम्ल लावल्यावर एक मिनिट थांबावं लागतं. ते मिनिट सिस्टरशी रजेच्या गप्पा मारण्यासाठी नाही. थोडं चुणचुणेल म्हणून तिला सांग, तिच्या शेताचं विचार. सासूला आत घ्यायचं की बाहेर बसवायचं, हेही तिला एकटीला विचार, सासूसमोर नको. आणि "थांबा बाई" म्हणाली तर थांब, खरंच थांब. आज उठून गेलेली पुढच्या महिन्यात येते. दामटून तपासलेली कधीच परत येत नाही, आणि वाडीतल्या चारचौघींनाही येऊ देत नाही.

एक वाक्य तुझ्या तोंडून कधीही निघू देऊ नकोस: "एवढी पोरं झाली, आता कसली लाज?" ते मी फार ऐकलंय, बायकांकडूनच ऐकलंय. बाई डॉक्टर आहे म्हणजे लाज आपोआप राखली जाते, या समजुतीत राहू नकोस. घाईत असलेल्या डॉक्टरीणबाईपेक्षा विचारून हात लावणारा पुरुष डॉक्टर बायकांना परवडतो.

आमच्या सांगलीचंच सांगते. इथे १९९२ पासून मीना शेषूंची 'संग्राम' संस्था वेश्याव्यवसायातल्या बायकांमध्ये काम करते. त्या बायकांनी १९९६ मध्ये 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' ही स्वतःची संघटना उभी केली. एड्सच्या त्या काळात कंडोम वाटण्याइतकाच त्यांचा आग्रह होता तो दवाखान्यात माणसासारखं वागवलं जाण्याचा, बळजबरीची तपासणी नको याचा. 'हिला कसली आलीय लाज' असं जिच्याबद्दल सगळ्या गावाने ठरवून टाकलंय, तिलाही टेबलावर चादर हवी असते. मला तर वाटतं, तिला सगळ्यांत आधी द्यावी.

लाज सांभाळत बसलं तर तपासणी कच्ची राहील, अशी धास्ती तुझ्या पत्रात दिसते. तुझ्या गळ्यातला स्टेथोस्कोप कुठून आला ते आठव. १८१६ मध्ये पॅरिसच्या लेनेक या डॉक्टरला एका तरुण बाईच्या छातीला कान लावणं अवघड वाटलं, म्हणून त्याने कागदाची सुरळी करून ती छातीवर टेकवली. आवाज नुसत्या कानापेक्षा स्वच्छ आला.

कायद्याचंही बघून ठेव. पुरुष डॉक्टर तपासत असेल तेव्हा स्त्री रुग्णाजवळ एखादी बाई हजर असणं, हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या सनदेत रुग्णाचा हक्क मानलाय. महाराष्ट्राने २०२१ मध्ये शुश्रूषागृहांचे नियम बदलले, तेव्हा खासगी रुग्णालयांनाही रुग्णहक्कांची सनद लावणं बंधनकारक केलं. तुझं केंद्र सरकारी आहे, पण ती सनद तूही मोठ्या मराठी अक्षरांत भिंतीवर लाव. वाचता न येणाऱ्यांना आशाताई वाचून दाखवतील.

रुग्ण कल्याण समितीच्या येत्या बैठकीत दोन जाड पडदे आणि डझनभर धुतल्या चादरींचा विषय घाल. सरपंच हसले तरी घाल. टेबल मात्र बैठकीची वाट न बघता उद्या सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आत फिरवून घे.

तुझी,
नलूमावशी