बिल्बोचा हातरुमाल आणि भामरागडचा रस्ता

या वीकेंडला टोल्किनचं 'द हॉबिट' परत वाचून काढलं. कितव्यांदा ते विचारू नका! पुस्तक १९३७ सालचं, पण अजून कंटाळा येत नाही.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बिल्बो बॅगिन्स हा पन्नाशीतला सुखवस्तू गृहस्थ. उबदार घर, भरलेलं कोठार, वेळेवर चहा. एक दिवस गॅन्डाल्फ नावाच्या जादूगाराच्या नादाने तेरा बुटके त्याच्याकडे चहाला येऊन टपकतात. ड्रॅगनने बळकावलेला खजिना त्यांना परत मिळवायचाय. दुसऱ्या दिवशी हा बाबा टोपी, काठी, पैसे, हातरुमाल काहीच न घेता त्यांच्यामागे पळत सुटतो. आणि आपण सगळे वाचक म्हणतो, "जा रे, जा!" त्याला घरीच बस म्हणणारा वाचक मला अजून भेटायचाय.

आपलं काय जातं म्हणा! पुस्तकाचं उपशीर्षकच 'जाऊन परत येणं' अशा अर्थाचं आहे. म्हणजे परतीचं तिकीट आधीच हातात. खऱ्या आयुष्यात नेमकं तेच नसतं.

माझं लहानपण आलापल्लीत गेलं. त्यामुळे असेल, पण साहस म्हटलं की मला आधी भामरागडचा रस्ता आठवतो. सागाच्या जंगलातून साठेक किलोमीटर गेलं की हेमलकसा. बाबा आमट्यांनी तिथे २३ डिसेंबर १९७३ ला लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तिथेच राहिले. शहर सोडून. वीज नाही, पावसाळ्यात रस्ता बंद, सुरुवातीला पेशंटसुद्धा येईनात.

या गोष्टीत मला तीन गोष्टी फार महत्त्वाच्या वाटतात. एक, मंदाताईंना लग्नाआधीच माहीत होतं की आपल्याला कुठे राहायचंय. बिल्बोसारखं घाईत, हातरुमाल विसरून नाही; दोघांनी विचार करून ठरवलं. दोन, पाठीशी आनंदवन होतं. साहस करणाऱ्याला मागे भक्कम काहीतरी लागतं, हे आपण कौतुकाच्या भरात विसरतो. तीन, आणि हे मला सगळ्यात मोठं वाटतं. आपण ज्याला साहस म्हणतो ते माडिया लोकांचं घर होतं. उलट, अनोळखी माणसाच्या हातून सुई टोचून घेणं हे त्यांचं साहस! त्यांनी ते केलं म्हणून दवाखाना चालला. मॅगसेसे पुरस्कार मिळाला २००८ साली. म्हणजे मध्ये जवळजवळ पस्तीस वर्षं गेली. कादंबरीत एवढ्या वर्षांना एक ओळसुद्धा मिळत नाही.

हे सगळं आत्ता डोक्यात यायला कारण आहे. सध्या मेलबॉक्समध्ये दोन मेल पडून आहेत. एक ऑनसाईटची, दोन वर्षांसाठी. दुसरी एका मित्राची. गडचिरोलीतल्या आश्रमशाळांतल्या पोरांना कॉम्प्युटर शिकवायचं काम, पगार निम्म्याहून कमी. गंमत बघा, सात समुद्रापलीकडे जायचं तर घरी पेढे वाटतील. आणि घरापासून तासा-दोन तासांवर जायचं म्हटलं तर आई म्हणते, "अरे बाप्पा, इथून बाहेर पडावं म्हणूनच तर शिकवलं ना तुला?" तिचं चूक नाही. रात्री-बेरात्री पेशंट घेऊन निघायची वेळ आली की काय होतं, हे तिने पाहिलंय. सुरक्षितपणाची किंमत तिला माझ्यापेक्षा जास्त कळते.

म्हणून 'हिंमत आहे का?' हा प्रश्न मी बाजूला ठेवलाय. हिंमत पहिल्या दिवशी सगळ्यांकडेच असते. मित्राला उद्या फोन करणार आहे आणि तीनच गोष्टी विचारणार आहे: पैसा किती वर्षांचा आहे, मागे कोण उभं आहे, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर आधी आलेल्यांपैकी किती जण टिकले?

उत्तरं बरी आली, तर आईशी बोलायचं. ड्रॅगन परवडला, पण ते जास्त अवघड आहे राव...