नो कोर्रो, नो ग्रितो, नो एंपुखो!

मुलांनो, मेक्सिको सिटी हे शहर तळ्यावर वसलंय, असं सांगितलं तर खरं वाटेल? इथं पूर्वी टेस्कोको नावाचं मोठं तळं होतं आणि त्यातल्या बेटावर अ‍ॅझ्टेक लोकांची राजधानी. १५२१ साली स्पॅनिश लोकांनी ती जिंकली. पुढे तळ्याचं पाणी हळूहळू काढून टाकलं आणि खाली उरला मऊ गाळ. भूकंप झाला की तो ताटलीतल्या खरवसासारखा हलतो!

१९ सप्टेंबर १९८५ च्या सकाळी भूकंप झाला तो दूर पॅसिफिकच्या किनाऱ्याजवळ, पण या शहरात हजारो माणसं दगावली. मग १९९१ साली इशारा देणारी यंत्रणा सुरू झाली. किनाऱ्याकडची यंत्रं हादरा टिपतात आणि बिनतारी संदेश धाडतात. जमिनीतून येणाऱ्या लाटांच्या आधी संदेश शहरात पोचतो. म्हणून भोंगा वाजल्यावर कधी कधी मिनिटभर वेळ मिळतो.

मिनिटभरात काय करायचं? शाळेतली मुलं तीन वाक्यं पाठ करतात. नो कोर्रो, नो ग्रितो, नो एंपुखो. म्हणजे, मी धावत नाही, मी ओरडत नाही, मी ढकलत नाही. (‘एंपुखो’तला ख घशातून काढायचा बरं का!) आम्ही शिक्षक एरवी ‘धावू नका, ओरडू नका’ असा हुकूम सोडतो. इथं मूल स्वतःलाच सांगतं. मला हे फार आवडलं.

धीर देणारे शब्दही सोपे आहेत. ‘काल्मा’ म्हणजे शांत राहा. मुलगा घाबरला तर ‘त्रांकिलो’, मुलगी असेल तर ‘त्रांकिला’, सगळ्या वर्गाला ‘त्रांकिलोस’. आपल्या ‘घाबरला, घाबरली, घाबरले’सारखंच की! ‘काळजी करू नकोस’ला ‘नो ते प्रेओकुपेस’, पण आजीला म्हणायचं ‘नो से प्रेओकुपे’, कारण तिथंही मोठ्यांना अरे-तुरे करत नाहीत. लहानगं पडलं की आई म्हणते, ‘या पासो’. झालं हं, गेलं! ‘नो पासा नादा’, म्हणजे ‘काही होत नाही’, हेही सर्रास म्हणतात. जमीन हलत असताना मात्र ते म्हणणं जरा धाडसाचंच!

२०१७ साली त्याच तारखेला, १९ सप्टेंबरला, सकाळी अकरा वाजता शहरात भूकंपाची रंगीत तालीम झाली. मुलं रांगेनं बाहेर आली, परत वर्गात गेली. दुपारी सव्वाच्या सुमारास खराच भूकंप झाला. या वेळी तो जवळच झाल्यामुळे भोंगा वाजला तेव्हा जमीन हलायलाही लागली होती. मिनिटभराची सवड कुठली! देशात साडेतीनशेहून अधिक माणसं गेली.

ढिगारे उपसायला हजारो लोक धावले. मध्येच कुणीतरी मूठ वर करी. ते पाहून शेजारचा करी, मग त्याच्या पलीकडचा. यंत्रं बंद होत, बोलणं थांबे. ढिगाऱ्याखालून कुणाची हाक येते का, ते सगळे कान देऊन ऐकत.